राहिलेली मिनिटं

मेच्या सुरुवातीची गोष्ट. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, पाऊस मे महिन्यातच येऊन धडकला, त्याच्या थोडे दिवस आधीची. गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात फुटबॉल स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. मैदानाच्या कडेला भजी-पावाचा गाडा, टोपलीत भाजलेले चणे घेऊन बसलेली म्हातारी, आंब्याच्या फांद्यांवर चढलेली पोरं, आणि माईकवर गावातले एक निवृत्त शिक्षक. त्यांचा आवाज सगळ्या पंचक्रोशीच्या ओळखीचा. देवळातलं उत्सवी नाटक असो, भजनाची स्पर्धा असो नाहीतर कुणाची एकसष्टी, माईक त्यांच्याच हातात असतो आणि तो त्यांना शोभतो. उपांत्य सामना संपला तसं ते म्हणाले, "मंडळी, अंतिम सामना बरोबर पावणेसहाला सुरू होईल. तोपर्यंत आपल्या मुलींचा प्रदर्शनीय सामना आहे. ज्यांना चहा-भजी घ्यायची आहेत त्यांनी आत्ताच घेऊन यावं, म्हणजे अंतिम सामन्याला सगळे जागेवर असतील." आवाजात मायाच होती. मुलींचा सामना गावात पहिल्यांदाच ठेवला होता, आणि तो ठेवा म्हणून समितीत आग्रह धरणाऱ्यांत हे गुरुजी पुढे होते. लोक उठले, मागची माती झटकली आणि गाड्याकडे निघाले.

पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग ठरले होते. माझी भाची नववीत आहे, डावखुरी आहे, आणि चेंडू पायाशी आला की तिचा सगळा चेहराच बदलतो. घरात चार वेळा हाक मारावी लागते ती हीच मुलगी का, असं वाटावं इतका. दुसरा भाग निम्मा झाला असेल, एक-एक अशी बरोबरी होती, आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी देवळाच्या वळणावर दिसली. तेवढ्यात भाचीने मधल्या रेषेच्या जरा पुढे चेंडू अडवला. एकीला चुकवलं, दुसरीच्या अंगावरून चेंडू पुढे ढकलला आणि ती सुटली. पुढ्यात सगळं रान मोकळं. गोलातली मुलगी दोन पावलं पुढे आली, एक मागे गेली. मी उभी राहिले. आणि लांबलचक शिट्टी वाजली. पाहुणे आले होते. पंचाने हात वर करून सामना संपल्याची खूण केली, पुरुषांचे दोन्ही संघ रांगेत उभे राहायला आत शिरले, आणि मुली कडेकडेने बाहेर आल्या. कुणी वाद घातला नाही. गुरुजींनी "आपल्या मुलींसाठी जोरदार टाळ्या" म्हटलं, टाळ्याही झाल्या. घरी परतताना स्कूटरवर माझ्या मागे बसलेल्या भाचीने एवढंच विचारलं:

"आत्ये, किती मिनिटं राहिली होती गो?"

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. मुलींनी खेळू नये असं कुणी म्हटलं असतं तर मी दोन हात केले असते, चार दिवस बोलले असते आणि मोकळी झाले असते. इथे भांडायचं कुणाशी? सगळे भले. गुरुजी भले, शिट्टी वाजवणारा तरुण भला, पाहुण्यांनी तर मुलींना जवळ बोलावून त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. तरीही त्या संध्याकाळी मैदानावर ज्याला घड्याळ लावलं जातं असा खेळ एकच होता, आणि दुसरा त्या खेळाच्या फटीत बसवला होता. मुलींना मैदान मिळालं, चेंडू मिळाला, जर्सीसुद्धा मिळाली. वेळ तेवढा त्यांचा नव्हता.

मी लहान असताना, म्हणजे १९८०च्या आगेमागे, भात कापून उडवी रचून झाल्या की आमच्या घरामागचा मोठा कुणगा हे मैदान व्हायचं. जमीन वाळून भेगाळलेली, मधूनमधून धसकटं. अनवाणी पायाला ती टोचत आणि आठवड्याभरात पाय घट्ट होऊन जात. दोन बाजूंना दोन-दोन दप्तरं ठेवली की गोल तयार. भाऊ आणि वाड्यावरची पोरं खेळत. एखादा गडी कमी असायचाच. मग हाक यायची, "तो येईपर्यंत तू गोलात राहा." मी धावत जायची. रबराचा चेंडू पोटाशी कवटाळला की त्याचा तापलेला वास नाकात शिरायचा, दातांखाली माती करकरायची, आणि पोरं ओरडायची, "ब्रह्मानंद, ब्रह्मानंद!" १९८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर विभागून का होईना, पहिल्यांदा राज्यांच्या संघांचा संतोष करंडक जिंकला आणि गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव घराघरांत गेलं. माझ्या थोरल्या भावाने वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून भाताच्या खळीने चिकटवला होता. दार उघडलं की कपड्यांच्या आधी ब्रह्मानंद दिसायचे. मला त्या नावाने हाक मारत याचा केवढा अभिमान होता! मग तो राहिलेला गडी बांधावरून पळत येताना दिसायचा आणि मी गोलातून बाहेर.

मला खेळू नको असं आमच्या घरात कुणीही म्हटलं नाही. बाबांनी नाही, आईने नाही. फक्त संध्याकाळ हळूहळू भरत गेली. विहिरीचं पाणी, गोठ्यातलं काम, धाकट्याला सांभाळणं, दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा. एक वर्ष असं आलं की भात कापून झालं, कुणगा मोकळा झाला, पोरांचा आरडाओरडा परसात ऐकू येत राहिला, आणि मला कुणी हाक मारली नाही. मीही गेले नाही. त्याचं तेव्हा दुःख झालं का? आठवत नाही. पाणी भरताना घागर अर्धी राहायची आणि मी बांधाकडे बघत उभी असायची, एवढं आठवतं.

त्याच वर्षांत आपल्या गोव्याची योलांडा डिसोझा भारताच्या संघातून खेळत होती. मला हे कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. आमच्या कपाटाच्या दारावर तिचा फोटो कसा असणार? तो कापायला आधी छापून यायला हवा होता, आणि आमच्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात तो मी कधी पाहिला नाही. कोणी मला "योलांडा, योलांडा" म्हणून ओरडलं असतं तर मी बांधाकडे बघत उभी राहिले असते की धावत गेले असते, हा विचार अजून कधीतरी रात्री येतो.

भाचीच्या प्रश्नानंतर मी भारताच्या महिला संघाबद्दल पुन्हा वाचायला बसले. जितकं वाचत गेले तितकं एक स्पष्ट होत गेलं. या संघाच्या हरण्याची गोष्ट लहान आहे, न खेळण्याची मोठी. १९७५ मध्ये महिलांच्या फुटबॉलची वेगळी संघटना उभी राहिली. १९८०च्या जानेवारीत कोझिकोडला आशियाई स्पर्धा झाली, आणि भारताच्या मुली थेट अंतिम फेरीत पोचल्या. तिथे तैवानकडून ०-२ अशा हरल्या. पुढच्या खेपेला तिसऱ्या आल्या. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम सामना. तो थायलंडने जिंकला. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलसाठी तो मिळवणारी पहिली स्त्री. दुसरी केव्हा? २०१७ मध्ये, मणिपूरच्या बेमबेम देवी. मध्ये चौतीस वर्षं गेली. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक भरला तेव्हा आशियातून चीन, जपान आणि तैवान खेळले, भारत त्यात नव्हता. १९९८च्या बँकॉक आशियाई खेळांत चीनने आपल्याला १६-० असं हरवलं. अठरा वर्षांपूर्वी जो संघ आशियात दुसरा होता, तो सोळा गोल खाऊन परतला. त्या मुलींचे पाय काही जड झाले नव्हते. मधल्या वर्षांत बाकीचे देश खेळत राहिले आणि आपण थांबलो. पुढे २००९ मध्ये तर फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नावच गेलं, कारण दीड वर्षात संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. क्रमवारीत खाली जाणं मी समजू शकते. यादीतच नसणं वाचून मात्र मी मोबाइल खाली ठेवला आणि अंगणात जाऊन आले.

दक्षिण आशियात तेवढी आपली सत्ता होती. २०१० पासून सॅफ स्पर्धा सलग पाच वेळा जिंकली. २०१९ मध्ये जिंकली तेव्हा प्रशिक्षक आपल्या गोव्याच्या मायमोल रॉकी होत्या. पण २०२२ मध्ये काठमांडूत बांगलादेशाने ३-० हरवलं, नेपाळने उपांत्य फेरीत बाहेर काढलं. बांगलादेशात प्राथमिक शाळांतल्या मुलींची देशभर स्पर्धा होते, आणि तिच्यातून मैमनसिंगजवळच्या कलसिंदूर नावाच्या एका गावातून मुलीमागून मुली राष्ट्रीय संघात गेल्या. महासंघाने त्यांना ढाक्यात एकत्र ठेवून वर्षभर सराव दिला. त्यांना हे जमलं याचा मला मनापासून आनंद वाटतो, आणि आपलं काय चुकलं ते दिसत असल्यामुळे त्या आनंदात टोचणीही असते.

२०२२ हे वर्षच विचित्र होतं. जानेवारीत आशियाई चषक आपल्या दारात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. २० जानेवारीला भारताने इराणबरोबर गोलशून्य बरोबरी केली. तीन दिवसांनी तैवानशी, म्हणजे स्पर्धेच्या भाषेत चायनीज तैपेईशी, सामना होता. त्याआधी संघात कोविड पसरला, नियमाप्रमाणे लागतात तेवढ्या तेरा खेळाडूही उभ्या राहू शकल्या नाहीत, आणि यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला. इराणविरुद्धचा सामनाही नोंदीतून रद्द झाला. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ती स्पर्धा आपल्याच घरात आली आणि आपल्या मुली हॉटेलच्या खोल्यांत बसून राहिल्या. ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला, असं कारण होतं. तेव्हा गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्यासुद्धा होत्या. बॅगेत बूट, अंगावर संघाचा ट्रॅकसूट, आणि खेळता येणार नाही असा निरोप. न खेळता परत आल्या. निलंबन अकरा दिवसांत उठलं. स्पर्धा थोडीच त्यांच्यासाठी थांबणार होती.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, त्यातले काही सामने आपल्या मडगावच्या फातोर्ड्याला. २६ ऑक्टोबरला दोन्ही उपांत्य सामने होते आणि त्या दिवशी भाऊबीज होती. भावाला ओवाळलं आणि म्हटलं, ताटात काही घालू नकोस, आम्हाला मडगावला घेऊन चल. भाची तेव्हा लहान होती, गाडीत बाणस्तारीपर्यंत बडबडली आणि मग झोपली. स्टेडियममध्ये शिरताना दिव्यांचा तो पांढरा झोत, ओल्या गवताचा वास, आणि राष्ट्रगीताला उभ्या राहिलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली. कुणाच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या, कुणाच्या मनगटाला पट्टी. पहिला सामना कोलंबिया आणि नायजेरियाचा. गोल होईनात. माझ्या डाव्या हाताला मडगावची एक म्हातारी बाई होती, फुलाफुलांचा फ्रॉक, मांडीवर पर्स, ती प्रत्येक चुकलेल्या फटक्याला "सायबा!" म्हणून कपाळाला हात लावायची. पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला तो सामना संपेपर्यंत सोडला नाही. कोलंबिया ६-५ अशी जिंकली. नायजेरियाच्या मुली गवतावर आडव्या पडल्या, आणि आम्ही दोघी, एकमेकींचं नावही न विचारता, रडत होतो.

पण त्या सामन्यातली माझ्या डोळ्यांसमोरून न हलणारी मुलगी म्हणजे कोलंबियाची लिंडा कैसेदो. पायाशी चेंडू आला की ती घाई करायची नाही. थांबायची. समोरची मुलगी पुढे येईपर्यंत वाट बघायची आणि मग निघायची. एवढा निवांतपणा सतरा वर्षांच्या मुलीत येतो कुठून? नंतर वाचलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ती देशाच्या मोठ्या संघातून कोपा अमेरिका खेळली होती, ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालचा विश्वचषक, आणि ऑक्टोबरमध्ये हा. त्याआधी दोन वर्षं ती कर्करोगातून उठली होती. तिच्या अंगात गुण आहेतच, ते कोण नाकारेल. पण जिला पुढच्या महिन्यात पुन्हा खेळायला मिळणार हे माहीत असतं तिलाच असं थांबता येतं. आपल्या मुली त्या स्पर्धेत भुवनेश्वरला खेळल्या. अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. मी ते सामने टीव्हीवर पाहिले. चेंडू पायाशी आला की त्या लगेच कुठेतरी मारून टाकत होत्या. लोकांनी नंतर पुष्कळ लिहिलं, कौशल्य नाही, ताकद नाही, उंची नाही. मला दिसत होती ती घाई. हा चेंडू गेला तर पुन्हा कधी मिळेल कोण जाणे, अशी घाई. आणि त्याही आधी एक तुकडी होती. हाच विश्वचषक २०२० मध्ये आपल्याकडे व्हायचा होता, तो कोविडमुळे आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. त्याच्यासाठी तयारी केलेल्या कितीतरी मुली २०२२ पर्यंत वयाबाहेर गेल्या. पुन्हा सतरा वर्षांचं कोण होणार?

आमच्या बाजूला, या डोंगराकडच्या तालुक्यांत, मुलींचा फुटबॉल अजून कोवळा आहे. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत घराघरांत फुटबॉल. तिथल्या मुलीला भावांबरोबर चेंडूला लाथ मारायला शिकावं लागत नाही, ते आपसूक येतं. गोव्याच्या मारिया रिबेलो भारताकडून खेळल्या, कर्णधार झाल्या आणि पुढे पुरुषांच्या राष्ट्रीय लीगमध्ये पंच म्हणून शिट्टी घेऊन उतरल्या. तसं करणारी देशातली पहिली स्त्री आपली गोंयकार आहे, हे मी शाळेतल्या मुलींना नेहमी सांगते. आमच्या वाड्यावर मात्र हाफ पँट, ऊन, काळवंडणं, गुडघे फुटणं, आणि 'एवढं करून पुढे काय' हा प्रश्न. भाचीने कपाटाच्या दाराला करिश्मा शिरवईकरचा फोटो लावलाय, बाहेरच्या बाजूने. करिश्मा आपल्या गोव्याची, भारताची जर्सी घातलेली. भाचीच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, तो फोटो चष्मा लावून बघितला आणि आडनावावरून ती कुठल्या गावची असेल याचा बराच वेळ अंदाज बांधत बसली. नातं लागत नव्हतं याची तिला थोडी हळहळही वाटली.

मग ५ जुलै उजाडला. दुसऱ्या दिवशी आषाढी. साखळीच्या विठ्ठलाला पहाटे जायचं म्हणून घरात लगबग, पातेल्यात साबुदाणा भिजत घातलेला, कणंगा आणि रताळी धुऊन सुपात ठेवलेली. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर बर्मिंगहॅमची कसोटी. शुभमन गिल दुसऱ्या डावातही शतकाकडे निघाला होता. त्या दिवशी त्याने १६१ केल्या. भाऊ आणि शेजारचे दोघे डोळे न हलवता बसलेले. ती खेळी होतीच तशी, मीही येता-जाता उभी राहून बघत होते. आणि स्वयंपाकघरात, ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर, मी आणि भाची थायलंडमधल्या चियांग माईचा सामना बघत होतो. आशियाई चषकाच्या पात्रतेचा शेवटचा सामना. भारताने मंगोलियाला १३-०, तिमोरला ४-०, इराकला ५-० हरवलं होतं. थायलंडचेही सगळे सामने जिंकून झालेले. दोघांचे गुण सारखे, गोलांचा फरकही सारखा. जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला जाणार. थायलंड म्हणजे दोन विश्वचषक खेळलेला संघ, क्रमवारीत आपल्या कितीतरी वर, आणि मैदानही त्यांचंच.

पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संगीता बासफोरने पहिल्या अर्ध्यात गोल केला तेव्हा भाची एवढ्या जोराने ओरडली की बाहेरून भावाने विचारलं, "कोण आऊट?" दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला थायलंडने बरोबरी केली. त्यानंतरची मिनिटं मी नारळ खोवत काढली; किती खोवला ते आईने नंतर दाखवलं, दोन दिवस पुरेल एवढा. आई विळीच्या बाजूला पाटावर बसली होती. मध्येच म्हणाली, "ह्या मुली इतके दिवस बाहेर असतात, ह्यांच्या घरची कामं कोण करतं?" भाची म्हणाली, "आजी, आत्ता नको." आणि संगीताने दुसरा गोल केला. शेवटची मिनिटं संपता संपेनात. थायलंडचा लोंढा येतोय, आपली गोलरक्षक पंथोई चेंडूवर झेपावतेय, कर्णधार स्वीटी देवी हात करून सगळ्यांना मागे ओढतेय. चित्र अडकायचं, गोल गोल फिरायचं, आणि आम्ही दोघी श्वास धरून. मग शिट्टी. २-१. मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पात्रता फेरी खेळून भारताचा महिला संघ आशियाई चषकात जाण्याची ही पहिलीच वेळ. बेचाळीस वर्षांपूर्वी ज्या थायलंडने त्यांच्या देशात आपल्याला अंतिम सामन्यात हरवलं होतं, त्यांना त्यांच्याच देशात हरवलं होतं.

भाऊ आत आला, म्हणाला, "जिंकल्या? मग टीव्हीवर का लावलं नाही?" तो खरंच विचारत होता. भाचीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, कारण त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते सगळं आनंदाचं नव्हतं.

रात्री निजताना आईने पुन्हा विषय काढला. सामन्याला वेळ ठरवून दिलेली असते आणि ती संपली की संपलं, हे तिला पटत नव्हतं. ती धालोंच्या रात्री सांगू लागली. पौषातलं चांदणं, गावचा मांड शेणाने सारवलेला, बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, हातात हात गुंफून वाकत पुढे, वाकत मागे. घरची सगळी कामं उरकून, पोरं निजवून बायका यायच्या आणि मग पहाटेपर्यंत मांड त्यांचा. "थांबा म्हणायला तिथे कोण येणार? कुणाची छाती होती?" आई म्हणाली. पुरुष त्या बाजूला फिरकतही नसत. आईचे गुडघे गेले, पण त्या पावलांची लय सांगताना तिचे पाय गोधडीखाली हलत होते. तिला रात्र मिळाली होती, मला बांधापर्यंतची संध्याकाळ, आणि या पोरीला पंधरा मिनिटांचे दोन भाग, त्यातलाही एक अर्धवट. मला झोप लागली नाही. पहाटे विठ्ठलापुरात रांगेत उभी असताना, टाळांच्या गजरात, ओल्या साड्या आणि तुळशीच्या वासात, मी देवाकडे नेहमीचं मागणं मागितलंच. शिवाय या मुलींसाठी सामने मागितले. जिंकणं नंतर बघू, त्या बघून घेतील. आधी खेळायला मिळू दे, महिन्यामागून महिना, न चुकता.

जुलैच्या अखेरीस सिडनीत आशियाई चषकाचे गट पडले. आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. शेवटचा सामना १० मार्च २०२६ रोजी तैपेईशी. १९८०च्या कोझिकोडमधला अंतिम सामना यांच्याशीच, २०२२ मध्ये होऊ न शकलेला सामनाही यांच्याशीच. हे मी भाचीला सांगितलं तर तिला त्यात फारसं काही वाटलं नाही. तिचं वय तसं आहे आणि तसंच असायला हवं. ती वहीच्या मागच्या पानावर गणित मांडत होती. बारा संघ, तीन गट, प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे आणि तिसऱ्यांपैकी चांगले दोन. उपांत्यपूर्व फेरी गाठली की २०२७च्या ब्राझीलच्या विश्वचषकासाठी झगडायला मिळणार. म्हणून तिच्या मते व्हिएतनामचा सामना सगळ्यात महत्त्वाचा, आणि जपानकडून हरलो तरी गोल कमी खायला हवेत, कारण गोलफरक मोजला जाणार. तोपर्यंत बलाढ्य संघांशी किती मैत्रीपूर्ण सामने मिळतात यावर सगळं आहे, असं ती अगदी समितीतल्या माणसासारखं बोलली. मी म्हटलं, जपान २०११ची विश्वविजेती आहे. ती म्हणाली, "ठाऊक आहे मला."

आता श्रावण चाललाय, चतुर्थी तोंडावर आली आहे. माटोळीचं सामान, करंज्यांचं सारण, घराची रंगरंगोटी, सगळं एकदम. चतुर्थी झाली की भाची म्हापशाला धुळेरच्या मैदानावर सरावाला जाणार, ते ठरलं. अडचण परतीची आहे. सात वाजून गेले की डिचोलीकडे येणाऱ्या बसेस विरळ होतात, आणि सराव अर्ध्यात सोडून निघायला ती तयार नाही. परवा जेवताना बराच वेळ यावर बोलणं झालं. आई म्हणाली, शेवटपर्यंत थांबू दे तिला. भावाने आठवड्यातले दोन दिवस घेतलेत, बाकीचे माझ्याकडे. बूट तेवढे घ्यायचे राहिलेत. डावा पाय तिचा उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे, त्यामुळे तिला बरोबर घेऊनच जावं लागेल.